बोळकी पेनं

९ जानेवारी

मी काही मागितलं नव्हतं. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या डोक्यात भलतं काही शिरायला नको. काल पोस्टमननं पुडकं आणून दिलं. आत गोळ्यांची रिकामी डबी, डबीत कापूस, कापसात एक निब. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. इतक्या वर्षांनी माणूस वहिनीला काही पाठवतो तर ‘जिवंत आहे’ एवढं तरी खरडतो. गोळ्या कसल्या ते बघावं म्हटलं, तर डबीवरचा कागद तुम्ही नखानं खरवडून काढलेला. लपवायची हौस अजून गेली नाही तुमची.

भाऊजी, आशीर्वाद आहेत. ते मी कधी बंद केले नव्हते, बोलणं तेवढं बंद केलं होतं. धाकटीलाही, माझ्या जाऊबाईला, सांगा.

निब मागितली ती माझ्या नातीनं, माझ्या पाठीमागे. तुम्ही हे घर सोडलंत तेव्हा तिचा बापच शाळेत होता, त्यामुळे तुम्ही तिला ओळखायचं काही कारण नाही. घरात तिला भिंगरी म्हणतात, लहानपणी एका जागी ठरत नव्हती म्हणून. आता ठरते. कॉलेज झालं, नोकऱ्या झाल्या, जाईल तिथे साहेबाशी वाजलं (घराण्याचं रक्त, दुसरं काय), आणि वर्षभर झालं, आपल्या पेनांच्या दुकानात मामंजींच्या टेबलाशी बसते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. दांडी कातते, टोपणाचे आटे नव्यानं पाडते, पिचलेल्या टोपणाला कडं बसवते. हे होते तोवर ह्यांच्या हाताखाली लुडबुडत शिकली. कामात ह्यांच्या तोडीची आहे, असं मी तिला कधी म्हणणार नाही. तुम्हाला म्हणते.

पण निबेचं काय? निबेचं काम ह्यांना कधी आलंच नाही, ते तुमचं. खालच्या खणात मामंजींच्या हातची पेनं पडून आहेत. काळी, तपकिरी, लाटांची नक्षी असलेली. सगळी बोळकी. टोपण काढलं की आत नुसतं भोक, माझ्या तोंडासारखं. माझी निदान कवळी तरी आहे.

लोक वाटणीत भांडी मोजतात, भिंती घालतात. तुम्ही दोघा भावांनी पेन वाटलं. एका गिऱ्हाइकाचं पेन गळलं म्हणून. हे म्हणाले, ‘निबेनं गळलं.’ तुम्ही म्हणालात, ‘दांडीनं गळलं.’ ‘मग घे तुझ्या निबा आणि चालता हो!’ ‘मग बस तुझ्या दांड्या उगाळत!’ शेजारीपाजारी दारात. तुम्ही निबांचा डबा उचललात, एवढ्यावर भागलं नाही, स्वतःच्या खिशातल्या पेनाची निबही तिथल्या तिथे उपसलीत आणि उरलेली दांडी गल्ल्यावर आपटून गेलात. ‘घ्या, हीसुद्धा तुमचीच.’ हे मला म्हणाले, ‘आठ दिवसांत येतो की नाही बघ झक मारत.’ तुम्हीही धाकटीला तेच म्हणाला असाल. दोघंही शब्दाचे पक्के निघालात. कोणीच आलं नाही.

ह्यांनी मग आयत्या बाजारी निबांची पेनं दुरुस्त करून संसार केला, चांगला केला. पण मामंजींचं एकही पेन पुन्हा लिहितं झालं नाही.

भिंगरीनं आधी तुम्हाला त्रास दिला असं समजू नका. सगळं धुंडाळून झालं. ठोक बाजारात गेली तर दुकानदारानं तिच्यापुढे रिफिलचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, निब आता फक्त फोटोत.’ भंगारवाल्याकडे एक डबी मिळाली, तर आतल्या निबा गंजून एकमेकींना अशा चिकटलेल्या की एक ओढली तर चार आल्या. मग फोनवरून परदेशातून मागवल्या. आल्या बाई थाटात, प्रत्येकीला वेगळी पिशवी, अंगावर वेलबुट्टी. पण खांद्याला रुंद आणि पोटाला चपट्या. मामंजींच्या पेनात निबेखाली जी काळी जीभ असते ती पोटाला गोल, हे तुम्हाला सांगायला नको. भिंगरीनं जपून दाबली, तरी जीभ तडकली. एक पेन गेलं. पोरगी जेवली नाही त्या दिवशी. मी म्हटलं, ‘न जेवल्यानं निब येणार आहे का?’ तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला कळायला हवं होतं, ही आता तुम्हाला लिहिणार.

तिची घाई कशापायी ते सांगते. कोर्टातला एक जुना कारकून आहे, रिटायर झालेला. मामंजींकडून घेतलेलं पेन त्यानं अख्ख्या नोकरीत वापरलं आणि मध्यंतरी हातातून पाडलं. पेन पडतं ते तोंडावरच पडतं. निबेचे दोन्ही फाटे फाकले, एकाचा तुकडा उडाला. तो रोज येऊन बाकावर बसतो आणि ‘अजून नाही का?’ एवढंच विचारतो. तुमच्या पुतण्याला, म्हणजे माझ्या लेकाला, भिंगरीच्या बापाला, दुकान भाड्यानं द्यायचंय. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण टपूनच आहे. लेक भिंगरीला म्हणाला, ‘उन्हाळा लागायच्या आत त्या कारकुनाचं पेन लिहितं करून दाखव. नाही जमलं तर किल्ली माझ्या हातात दे.’ ती म्हणाली, ‘बरं.’ एका शब्दात. ताठ मानेनं. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही, पण ऐकलं.

असं आहे सगळं. तुम्हाला मदत मागण्यासाठी लिहिलेलं नाही. निब सोबत परत पाठवते आहे. उत्तर नको.

ता. क. निब पाकिटात घालायला गेले तर डबीत नुसता कापूस. भिंगरी भिंतीकडे तोंड करून हसते आहे. तेव्हा निब इथे राहिली आहे, पण मी ठेवलेली नाही.


३० जानेवारी

उत्तर नको असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी पाठवलंत, आणि पाठवलंत तेही दुसऱ्याच्या हातचं.

भाऊजी, तुमचं अक्षर मला ठाऊक आहे. माझी शाळा म्हणजे तुमच्या दुकानाची रद्दी. मी या घरात आले तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. मामंजी म्हणाले, ‘शिकलेला माणूस पेनाला सांभाळून घेतो, खरी पारख अडाणी हातानंच होते,’ आणि दुरुस्त झालेलं प्रत्येक पेन आधी माझ्या हातात द्यायला लागले. पहिलं अक्षर शिकवलं ते ‘ळ’. त्यात दोन्हीकडची वळणं येतात, निब कुठे अडते ते लगेच कळतं. जगाला ‘अ’ येतो, मला आधी ‘ळ’ आला. तुम्ही शेजारी बसून डाव्या हातानं लिहायचात. लिहिलेल्या ओळीवरून मूठ सरकायची आणि प्रत्येक ओळीवर शाईचा फराटा. मामंजी म्हणायचे, ‘हा लिहीत नाही, लिहून पुसतो.’ तुमची करंगळी कायम निळी.

हे पत्र मात्र धुतलेल्या चादरीसारखं. कुठे डाग नाही. म्हणजे तुमच्या सुनेनं लिहिलं. पोरीचं अक्षर छान आहे, तिला सांगा. मजकूर तेवढा तुमचा. ‘निब बसली का. कळवणे.’ कळवणे! जशी काही मी तुमच्या पगारावर आहे.

कळवते, कारण भिंगरीला पुढचं कळायला हवं.

निब बसली. मामंजींच्या दांडीत अशी अलगद गेली की भिंगरीनं टाळीच वाजवली. मग शाई भरली आणि पेन गळायला लागलं. टिपूस टिपूस नव्हे, नाक वाहावं तसं. नेमका तुमचा पुतण्या तेव्हाच डोकावला. मला वाटतं वासावर येतो. त्यानं पेन हातात घेतलं, उलटं करून बघितलं, आणि पांढऱ्या शर्टावर शाईचा ओघळ. ‘झालं का काम?’ म्हणाला. भिंगरी म्हणाली, ‘नाही झालं. शर्ट काढून द्या, भिजत घालते.’ रडली नाही, कारणं दिली नाहीत. मला आवडलं ते.

गळायचं थांबलं तरी ती निब कारकुनाला चालणार नाही. त्यानं घोटून बघितलं तर कागद ओरबाडते. तेव्हा भिंगरीनं ती काढली, भिंगाखाली धरली आणि उलटसुलट फिरवून बघितली.

‘आजी, आपल्यात डाव्या हातानं लिहिणारं कोणी आहे?’

‘होतं,’ मी म्हटलं.

‘टोकाचा दाणा एका बाजूनं झिजलाय. वर्षानुवर्षं एकाच माणसानं लिहिलंय यानं. आणि त्या झिजलेल्यावर कोणीतरी आत्ता ताजं घासलंय. उजव्या हाताला सोयीचं करायला बघितलंय.’

‘मग?’

‘मग जमलेलं नाही. रेघा बघ ना. एक सरळ नाही. दगडावर हात उडालाय, परत परत उडालाय.’

मी म्हटलं, ‘दगड खराब असेल.’ ती म्हणाली, ‘असेल.’ पण तुमचा दगड खराब असणार नाही, हे ती जाणत नसली तरी मी जाणते. तुम्ही धाकटीला एक वेळ उन्हात उभी केली असती, दगडाला कधी ऊन लागू दिलं नाही. आणि ज्या माणसानं सोन्याच्या पत्र्याला केसाएवढी चीर एका दमात पाडलेली मी बघितली आहे, त्याचा हात उगीच उडत नाही.

तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मी विचारत नाही, भिंगरी विचारते, मी नुसती लिहिते आहे. एक, पेन गळतं कशानं? ‘दांडीनं’ असं उत्तर आलं तर पत्र चुलीत जाईल. दोन, ही निब तुमच्या स्वतःच्या पेनाची आहे ना? ज्याची दांडी तुम्ही गल्ल्यावर आपटलीत, त्याची? एवढा डबा भरून निबा असताना नेमकी हीच का पाठवलीत?

तिसरं मीच विचारते. गोळ्या कसल्या घेता?

फोन करू नका. फोनवर माणूस तोंडातल्या तोंडात काहीही पुटपुटतो आणि नंतर नाही म्हणतो. कागदावर सापडतो.


१७ फेब्रुवारी

डबा कोणी मागितला होता?

तीन प्रश्न विचारले, उत्तर एकाचं दिलंत, आणि बाकीच्या दोहोंऐवजी अख्खा डबा पाठवून दिलात. सुतळीनं बांधलेला, आत तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला दगड. दगडसुद्धा! भिंगरी नाचायला लागली. डबा उघडून एकेक निब ओळीनं फडक्यावर मांडत बसली, बाजारातून दागिने आल्यासारखी. मी नाही नाचले. सगळं आवरून झालेला माणूस असं सामान पाठवतो. कोणी सांगितलं तुम्हाला आवरायला?

तुमच्या सुनेवर रागावलात तर माझ्याशी गाठ आहे. तिनं तुमचा मजकूर इमानदारीत लिहिला, ‘दोन माणसांनी गरम पाण्यात बसवावी, वेगळं सांगणे नलगे’ पर्यंत. खाली स्वतःच्या चार ओळी घातल्या, ‘बाबांनी सांगू नका म्हटलंय’ असं म्हणून. चहाचा कप आता अर्धाच भरावा लागतो. शर्टाची बटणं धाकटी लावते. लिहिणं बंद करून किती दिवस झाले, ते तिनं लिहिलं नाही आणि मी विचारणार नाही. रोज सकाळी डबा मांडीवर घेऊन बसायचात म्हणाली. डब्यातल्या निबा सगळ्या कच्च्या, घासायच्या राहिलेल्या. घासून तयार होती ती एकच, तुमची स्वतःची. तीच घासून उजव्या हाताची करायला बघितलीत आणि नाही जमलं, तरी पाठवलीत.

म्हणजे पोरीनं मागितलं आणि तुम्ही होतं नव्हतं ते काढून दिलंत. मला कळलं. याच्यावर मी अजून काही लिहिणार नाही. राग आला आहे, तो उतरला की लिहीन.


११ मार्च

टपाल ऑफिसातल्या बाईनं पुडकं तीनदा उघडायला लावलं. आत काय आहे, म्हणे. पेन आहे म्हटलं. पेन एवढं गुंडाळतात का, म्हणे. मी म्हटलं, बाई, तू तुझा फोन किती गुंडाळतेस ते बघ, मग मला विचार. मागे रांग लागली होती, एकजण हसला, तेव्हा कुठे शिक्का मारला. तर पुडक्याची सुतळी ढिली दिसली तर ती माझी चूक नाही, तिची आहे.

आता क्रमानं सांगते.

तुमच्या दगडावर भिंगरीनं पहिल्यांदा घासलेल्या निबा बघण्यासारख्या नव्हत्या. एक सुई झाली, एक फावडं झालं. तुम्ही सुनेकडून लिहून पाठवत गेलात, ‘दगडावर आठाचा आकडा काढा, जोर लावू नका, कागदावर आवाज ऐका’, आणि ती एकेक ओळ वाचून परत बसत गेली. तिच्या बोटांची कातडी सोलली. मी हळद लावून दिली आणि म्हटलं, ‘रिकामटेकड्यांची बोटं सोलत नाहीत.’ आवाजाचं तिला मात्र बरेच दिवस कळेना. शेवटी मी डोळे मिटून बसले आणि तिनं लिहिलं. जिथे करकरलं तिथे मी ‘हूं’ म्हणायची. तुम्ही नि मी मामंजींपुढे असंच बसायचो, आठवत असेल. नसेल तर राहू द्या.

मग एक निब अशी आली की मला ‘हूं’ म्हणायला जागाच मिळाली नाही. मी डोळे उघडले. ती कागदाकडे बघत होती, आणि कागदावर पानभर ‘ळ’.

आता गरम पाण्याचं. तुम्ही दोघं भाऊ रोज संध्याकाळी त्या पातेल्याभोवती डोकी घालून उभे असायचात. मला वाटायचं, गप्पा मारता. मी कितीदा ओरडले असेन, पातेलं मोकळं करा म्हणून. काम काय चाललंय हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला कळलं नव्हतं. परवा कळलं. एकानं दांडी धरून निब पाण्यात बुडवायची, काळी जीभ मऊ झाली की वर घ्यायची, आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं फडक्यानं जीभ निबेच्या पोटाशी दाबून धरायची, गार होईस्तोवर. धरणाऱ्यानं हलायचं नाही, दाबणाऱ्यानं सोडायचं नाही. एकट्यानं केलं की मध्ये फट राहते. फट राहिली की पेन गळतं. भिंगरीनं पहिल्यांदा एकटीनं बसवलं, म्हणून तुमच्या पुतण्याचा शर्ट गेला.

आणि तुमच्या भांडणाच्या दिवशीचं पेन? मला चांगलं आठवतंय, त्या दिवशी सकाळपासून तुमचं बोलणं बंद होतं. खिडकीजवळच्या स्टुलावर कोणी बसायचं यावरून. पातेल्याशी एकटेच तुम्ही होतात. हे पाठ फिरवून दांड्या कातायचा लेथ पुसत बसले होते, सकाळपासून चारदा पुसलेला. ना निबेचा दोष, ना दांडीचा. एका स्टुलापायी तुम्ही एवढं मोठं घर फोडलंत, दोघांनी मिळून. मिळून केलेलं ते तेवढंच एक काम त्या दिवसातलं.

यावेळी दांडी मी धरली. माझ्या बोटांना आता चटका लागत नाही, आयुष्यभर पोळून निबर झाली आहेत. भिंगरीनं दाबलं. दोघी श्वास धरून उभ्या. ती म्हणाली, ‘आजी, हलू नकोस.’ मी म्हटलं, ‘तू बोलू नकोस.’ गार झालं, शाई भरली, टोपण काढून उलटं धरलं. एक थेंब नाही.

कारकून आला. त्याला बाकावरून टेबलाशी बसवलं, कोरा कागद दिला. मला वाटलं सही करेल. त्यानं काय लिहावं? ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज करतो की’, आणि थांबला. सवयीनं हात तिकडेच गेला, आणि पुढे कसला अर्ज करायचा ते त्याला काही आठवेना. डोळे पुसले, चष्मा परत लावला, मग म्हणाला, ‘पूर्वीपेक्षा जरा जाड येतंय.’ मी म्हटलं, ‘तुम्हीही पूर्वीपेक्षा जाड झालात, पेनानं काही म्हटलं का?’ तो हसला. गेला तेव्हा पेन वरच्या खिशात, छाती पुढे. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे घेऊन आला, त्यांच्याकडेही मामंजींची पेनं, दोन्ही बोळकी.

तुमच्या पुतण्यानं सगळं दारात उभं राहून बघितलं. त्यानं शाई भरलेलं दुसरं पेन उचललं, सही केली, खिशाकडे संशयानं बघितलं, कोरडा होता. परत सही केली. मग म्हणाला, ‘दुकानाच्या पाटीचा रंग उडालाय. नवीन मारायला हवा.’ एवढंच. कव्हरवाल्याला त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तो आता आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातो. भिंगरीनं किल्लीला लाल दोरा बांधून गळ्यात घातली आहे. माझ्या समोर ती नम्रपणानं वागते, पण चाल बदलली आहे पोरीची. बदलू दे. कमावलेली आहे.

आता पुडक्याचं. सुतळी सोडा, कागद काढा, सुनेला सांगा कात्री लांब ठेवायला.

आत तुमचं पेन आहे. तुमचं म्हणजे तुमचंच, गल्ल्यावर आपटलेलं. खणाच्या तळाशी ह्यांच्या जुन्या मफलरीत होतं. बोळक्या पेनांतली किती तरी दांडीच्या मालासाठी ह्यांनी नंतर कापली, मोडली, ठिगळाला वापरली. याला हात लावला नाही. का, ते मी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर म्हणाले असते, ‘असू दे, जागा थोडीच खातंय.’ आपटलंत तेव्हा टोपणाला चीर गेली होती. तिथे ह्यांनी चांदीचं कडं बसवलेलं आहे. कधी बसवलं तेही मला ठाऊक नाही. माझ्या नजरेतून दुकानातली टाचणी सुटत नाही, हे सुटलं.

निब तीच, तुमची. पण भिंगरीनं परत घासली आहे. तुम्ही उजव्या हाताची करायला निघाला होतात, तिनं ती परत डाव्या हाताची केली. शिवाय टोक चारी बाजूंनी गोल केलं आहे, हात कुठेही उडाला तरी ती कागदात रुतायची नाही, नुसती घसरेल. हे तिनं स्वतःच्या डोक्यानं केलं, तुम्ही शिकवलेलं नाही. तुमच्या जुन्या झिजीवरून तिनं तुमच्या हाताचा कल काढला आणि उडालेल्या रेघांवरून हात किती उडतो ते काढलं. तुम्हाला न बघता. मी हिच्या वयाची असताना मला बघितलेली माणसंसुद्धा कळत नव्हती.

पण असं पेन पारखायचं कोणी? आमच्यात डावरं कोणी नाही, थरथरणारं कोणी नाही. भिंगरी म्हणाली, ‘आजी, डाव्या हातानं लिही.’ मी म्हटलं, ‘मला उजव्यानं लिहिताना घाम फुटतो.’ ‘म्हणूनच,’ म्हणाली. डाव्या हातात पेन धरलं आणि खरंच, हात असा थरथरायला लागला की कप असता तर सांडला असता. त्या हातानं मी ‘ळ’ काढले. वेडेवाकडे, भांडण झाल्यासारखे एकमेकांपासून लांब लांब. पण एकही तुटला नाही. कुठे अडलं नाही, कुठे ओरबाडलं नाही. मी ‘हूं’ म्हटलं नाही, भाऊजी. कागद सोबत घातला आहे. त्यावर माझ्या मुठीचा फराटाही आलेला आहे, आणि माझी करंगळी आज दोन दिवस निळी आहे. घासून जात नाही. तुम्हाला आयुष्यभर काय कटकट झाली असेल ते कळलं.

डबा आणि दगड परत पाठवलेला नाही. ते इथेच लागतात. भिंगरीला अजून बारीक निब घासता येत नाही, आणि माझे कान आता एकाच बाजूनं ऐकतात. तुमचे हात थरथरतात, कान तर थरथरत नाहीत ना? खिडकीजवळचं स्टूल रिकामं आहे. त्यावर बसायला आता तुमच्याशी भांडणारं कोणी राहिलेलं नाही, त्यामुळे मजा तेवढी येणार नाही, पण उजेड चांगला येतो. धाकटीला घेऊन या. चहा अर्धाच कप देईन, दोनदा देईन. किती दिवसांसाठी, हे विचारू नका. शिकवणं संपलं की कळेल.

कधी येता ते कळवणे. पाहिलंत, मलाही येतं तसं लिहायला.

पेनात शाई भरूनच पाठवली आहे. सगळे म्हणाले टपालात गळेल. आमची पेनं गळत नाहीत.

उत्तर तुम्ही द्यायचं. सुनेनं नाही, धाकटीनं नाही, तुम्ही, याच पेनानं, डाव्या हातानं. काही सुचलं नाही तर नुसता ‘ळ’ काढा आणि खाली तारीख घाला. अक्षर लोळलं तरी मला चालेल. पण ओळीवर शाईचा फराटा नसला, तर पत्र न वाचता परत येईल.